जनरलांच्या पश्चात

"आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कुणी जात नाही," जनरल म्हणाले, "त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही."

जनरल हे नाव गल्लीने ठेवलेलं. प्रत्यक्षात बाहीवरच्या दोन पट्ट्यांपुढे त्यांची मजल गेली नव्हती. ते राखीव दलातले सैनिक. आठवडाभर कुलपं-किल्ल्यांचं दुकान आणि शनिवार-रविवार कवायत. युद्ध काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. आलं असतं, तर शत्रूची पहिली गाठ तंबूंच्या कोठाराशी पडली असती, कारण त्याची राखण जनरलांकडे होती. आता साठी गाठल्यावर या पराक्रमाचं निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं.

त्यात एक मेख होती. पूर्ण वेतन घेतलं, तर ते जनरलांबरोबरच संपणार. दरमहा थोडं कमी घेतलं, तर त्यांच्या पश्चात निम्मं बायकोला तहहयात मिळणार. जनरलांना अर्थातच पूर्ण हवं होतं. मरायचंच नाही, तर कमी कशाला घ्यायचं? पण त्यासाठी बायकोची संमती लागत होती.

"काही नाही गं, नुसती सही," ते तिला म्हणाले. "वाचत बसू नकोस, साहेबांचा खोळंबा होतो."

"बरं," बायको म्हणाली. तिचं 'बरं' इतकी वर्षं ऐकलेल्या माणसाने इथेच सावध व्हायला हवं होतं. जनरल बुटांना पॉलिश करत बसले.

कचेरीत साहेबांच्या जागी बाई निघाल्या, आणि त्याही नियमाच्या पक्क्या.

"संमती देणाऱ्याशी आम्ही एकांतात बोलतो. तुम्ही बाहेर थांबा."

"मॅडम, मी सैनिक आहे."

"मग हुकूम पाळायची सवय असेलच."

दार लागलं. खोलीची भिंत दुधी काचेची होती. वरची एक पट्टी तेवढी उघडी, पण ती जनरलांच्या डोक्याच्याही वर. टेहळणीशिवाय कुठली मोहीम फत्ते होते? जनरल बाकावर चढले.

आत बायको रुमालाने डोळे पुसत होती. जनरलांना भरून आलं. आपल्या मरणाचा नुसता विषय निघाला तर बिचारीची ही दशा! तिला धीर द्यावा म्हणून त्यांनी छाती पुढे काढली, दंड फुगवून दाखवले. एवढ्यात तिने मान वर केली. ती हसत होती. बाईही हसत होत्या.

"मग सेवेत जोखमीचे प्रसंग आलेच नाहीत म्हणा," बाई म्हणाल्या.

"आला की एक. तंबू पडला होता अंगावर."

"दोन तंबू होते!" जनरल वरून गरजले आणि बाजू मांडायला बाकाच्या अगदी टोकाशी सरकले. दुसरं टोक उचललं गेलं. आयुष्यात प्रथमच जनरल कामगिरीवर जखमी झाले.

दोघी धावत बाहेर आल्या. पाऊल बघता बघता सुजलं. बाईंनी पट्टी बांधली. बायकोने आधी हाडं शाबूत आहेत का ते पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

"मी सही करणार नाही. तुम्ही कवायतीला गेलात, तेव्हा दुकानात किल्ल्या मी घासल्या. चिखलाने माखलेले तुमचे कपडे मी धुतले. निम्मी नोकरी माझी आहे. उद्या तुम्ही गेलात तर मी काय कुलपं खाऊ? भीती वाटते हो मला."

भीती वाटते, असं ती पूर्वी कधी बोलली नव्हती. जनरलांना पायापेक्षा ते जास्त लागलं. शरम वाटली. जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी बाईंकडे पेन मागितलं आणि बायकोला मागे निम्मं मिळेल, त्या पर्यायावर खूण केली.

टॅक्सीपर्यंत ते बायकोच्या खांद्यावर भार टाकून लंगडत आले. आता कौतुकाचे दोन शब्द येतील, म्हणून थोडे थांबले. आले नाहीत. तेव्हा स्वतःच म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता मी आज गेलो तरी तुला चिंता नाही."

"वेडे आहात का? तुम्ही गेलात तर निम्मंच मिळणार. त्यापेक्षा तुम्ही असलेले परवडता."

लग्नानंतर तिने काढलेला हा सर्वांत प्रेमळ उद्गार होता. निदान जनरलांनी तरी तसंच धरून चालायचं ठरवलं.