आठव्या खिडकीचं पुस्तक

शुक्रवारी दुपारी वाचनसर शिक्षकांच्या खोलीत स्वतःचं हिरवं कार्ड समोर ठेवून बसले होते आणि कार्ड कोरं होतं. चार आठवडे ते कोरंच होतं, त्याचं सरांना काही वाटलं नव्हतं. पण आज ते बाहेर व्हरांड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलं जाणार होतं.

शाळेत स्वैरवाचनाची योजना आली, तेव्हा तिचा प्रमुख कोण हे ठरवायला बैठक झाली. त्या दिवशी सर दाढदुखीमुळे गैरहजर होते. दुसऱ्या दिवशी आले ते सुजलेला गाल घेऊन, आणि त्यांच्या हाती नवं पद ठेवण्यात आलं. तेव्हापासून ते वाचनसर. योजना साधी होती. रोज तिसऱ्या तासाआधी एक लांब घंटा व्हायची, आणि पुढची वीस मिनिटं शाळेतल्या प्रत्येकानं आपल्या आवडीचं पुस्तक मनातल्या मनात वाचायचं. प्रश्न नाहीत, परीक्षा नाही, गुण नाहीत. आठवड्याअखेर फक्त कार्डावर लिहायचं: पुस्तकाचं नाव, किती पानं, आवडलेलं एक वाक्य. मुलांची कार्डं पिवळी, शिक्षकांची हिरवी.

"आपण केल्याशिवाय पोरं करत नसतात," असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे सुटका नव्हती.

वाचनाचं महत्त्व सांगावं तर वाचनसरांनीच. पालकसभेत ते बोलायला लागले की दोन-तीन आया हमखास डोळे पुसायच्या. पण ते वाचनावर इतकं बोलत की वाचायला वेळच उरत नसे. शेवटचं पुस्तक हातात धरलं त्याला अकरा वर्षं झाली होती. ते अर्ध्यावर असताना मेहुण्यानं नेलं, आणि सरांनी परत मागितलं नाही. घंटा झाली की सातवीच्या वर्गात टेबलावर पुस्तक उघडं असे आणि सर गच्चीवरच्या गळक्या टाकीचा विचार करत असत.

"अहो, वाचनाचे प्रमुख तुम्ही?" बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "परवा औषधाच्या बाटलीवरचं वाचा म्हटलं, तर म्हणालात, तूच वाच, फार लांबलचक आहे."

तर कार्ड. खऱ्या पुस्तकाचं नाव लिहायची सोय नव्हती. खरं पुस्तक कुणी ना कुणी वाचलेलं असतं आणि अशी माणसं नेमकी व्हरांड्यात भेटतात. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या अर्धवट इमारतीत एक गवंडी चौकट बसवत होता. सरांनी लिहिलं, 'गवंड्याची आठवी खिडकी'. पानं, दोनशे बारा. नुसती दोनशे लिहिली असती तर संशय आला असता. आवडलेलं वाक्य: 'सात खिडक्या घरासाठी असतात, आठवी रस्त्यानं जाणाऱ्यासाठी.' हे वाक्य सरांना इतकं आवडलं की क्षणभर त्यांना वाटलं, पुस्तक बरं असावं.

सोमवारी मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. हजेरीत शेवटची, रांगेत शेवटची, म्हणून पोरं तिला 'शेपूट' म्हणत. मोठ्यानं वाचायला उभी केली की एका ओळीत तीनदा अडायची आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. तिचं पिवळं कार्डही चार आठवडे कोरं होतं.

"सर, मला ते खिडकीचं पुस्तक पाहिजे."

"कुठलं गं?"

"तुमचं. बाहेर लावलंय ते. दोनशे बारा पानांचं."

शाळेत पाऊल टाकल्यापासून या मुलीनं कुणाकडे एखादं पुस्तक मागितल्याचं सरांना आठवत नव्हतं. या एका क्षणासाठी तर योजना होती. आणि पोरीनं मागितलं ते जगात नसलेलं पुस्तक.

"ते जरा मोठ्यांचं आहे."

"चालेल. हळूहळू वाचीन."

इथेच सरांनी कान पकडायला हवे होते. ते म्हणाले, "ग्रंथालयात विचारून बघ."

ग्रंथपालबाईंची ख्याती अशी होती, की डोळे बांधून उभं केलं तरी त्या कुठलंही पुस्तक हात घालून काढतील. 'माझ्याकडे नाही' हे वाक्य त्यांनी एकवीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर दोनदा उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाहेर गेलंय. आलं की देते. नाव लिहून जा."

जे मिळत नाही ते भारीच असणार, हा मुलांचा जुना सिद्धांत आहे. गुरुवारपर्यंत ग्रंथालयाच्या दारावर चौदा नावांची यादी लागली. सगळ्यात वर, वाकड्यातिकड्या अक्षरांत, शेपटीचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा ती कशात तरी पहिली आली होती.

त्याच दिवशी ग्रंथपालबाईंनी सरांना जिन्यात गाठलं.

"सर, ते पुस्तक कुणी नेलंय, आठवतं का हो? रजिस्टरात नोंदच नाही. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी चुकलं. मला तर रात्रीची झोप लागेना." त्यांचे डोळे भरून आले.

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वरून मुख्याध्यापिकाबाई उतरल्या.

"कुठलं? आठवी खिडकी? अहो, मी कॉलेजात असतानाच वाचलंय! काय लिहिलंय! शेवट तेवढा ओढूनताणून वाटला, बाकी सुंदर."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. आता त्यांना खोटं बोलावंही लागत नव्हतं. त्यांचं खोटं आपल्या पायांनी चालायला लागलं होतं.

पुढच्या शुक्रवारी हिरव्या कार्डांवर नजर टाकायची सरांना हिंमत होईना. खेळाच्या सरांनी लिहिलं होतं, 'गवंड्याची आठवी खिडकी. पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त कळलं.' विज्ञानाच्या बाईंनी पानं तीनशे चाळीस लिहिली होती आणि विचारलं तर म्हणत होत्या, "माझी आवृत्ती मोठ्या टाइपातली आहे." मुख्याध्यापिकाबाईंनी तर शनिवारी पालकांना बोलावून सभागृहात कार्यक्रमच ठेवला: 'आम्हा शिक्षकांचं आवडतं पुस्तक'.

शनिवारी सकाळी सर अंथरुणातूनच म्हणाले, "आज जाववत नाही. दाढ दुखतेय."

"कुठली?" बायकोनं विचारलं.

"डावीकडची."

"ती मागच्या खेपेलाच काढली. उठा."

सभागृह गच्च भरलं होतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, हे पुस्तक मुळात शिस्तीबद्दल आहे. खेळाचे सर म्हणाले, गवंडी रोज पहाटे पळायला जातो, म्हणून तर त्याला सात-सात मजले चढता येतात; मुलांनी यातून बोध घ्यावा. पालक वह्यांत नाव उतरवून घेत होते. मागच्या रांगेत ग्रंथपालबाई मांडीवर रजिस्टर घेऊन गुन्हेगारासारख्या बसल्या होत्या. वाचनसर खुर्चीच्या टोकावर बसून आपल्या बुटांकडे पाहत होते. बूट फार बोलके वाटत नव्हते.

"कुणाला काही विचारायचंय?"

शेपूट उभी राहिली. दोन-चार पोरं हसली. "मग शेवटी... तो आठवी खिडकी बसवतो का?"

"बसवतो," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"नाही बसवत," खेळाचे सर म्हणाले.

दोघं एकाच दमात बोलले, आणि मग दोघांनीही वाचनसरांकडे पाहिलं. सगळ्या सभागृहानं पाहिलं. सर उठले. आवाज, आश्चर्य म्हणजे, फुटला.

"असं पुस्तकच नाही. कार्ड कोरं दिसू नये म्हणून मी नाव रचलं. ग्रंथपालबाई, तुमचं रजिस्टर बरोबर आहे, चूक माझी. अकरा वर्षांत मी एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही. मला माफ करा."

मग खेळाचे सर ताडकन उभे राहिले. "नाही कसं? मी दोनदा वाचलंय!"

"माझ्या घरी आहे!" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी हसत हसत माइक घेतला. "सरांचा विनय तुम्हाला माहीतच आहे. शिवाय त्यांना दाढेचा जुना त्रास आहे. आपण त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या वाजवू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आईनं तर डोळेही पुसले. पुस्तक कुठल्या दुकानात मिळेल असं एका पालकानं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आवृत्ती संपलीय, हीच तर शोकांतिका आहे." भर सभेत अब्रू वेशीला टांगायची सरांनी तयारी केली होती, पण ती घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. फक्त ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. रजिस्टर मिटून त्यांनी सरांकडे एकदाच पाहिलं. त्यापेक्षा त्यांनी रजिस्टर फेकून मारलं असतं तर बरं, असं सरांना वाटलं.

गर्दी पांगल्यावर सर व्हरांड्यात आपलं कार्ड काढायला गेले. शेपूट तिथे उभी होती.

"खरंच नाहीये ते पुस्तक?"

"खरंच नाही."

तिनं मान खाली घातली. ग्रंथपालबाई सोडल्या तर सगळ्या शाळेत सरांवर विश्वास ठेवणारी ती एकटी निघाली, आणि तोही अशा वेळी.

"तुला हेच का हवं होतं गं? कपाटं भरलीयेत की पुस्तकांनी."

तिनं टांगलेल्या कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "रागवाल."

"मी? आता कुठल्या तोंडानं रागवू?"

"घंटा झाल्यावर तुम्ही पान उलटत नाही. मी पण नाही उलटत. मला वाचायला जमत नाही ना, म्हणून मी बघत बसते इकडेतिकडे. तुमचं पान एकदाच उलटलं, ते पण पंख्यानं. मला वाटलं, सरांना पण माझ्यासारखंच जमत नसेल. आणि तरी तुम्ही दोनशे बारा पानं वाचलीत." तिनं नाक ओढलं. "म्हटलं, सरांना जमलं ते मला जमेल."

तीनशे माणसांपुढे सरांना जी लाज वाटली होती, ती या लाजेपुढे काहीच नव्हती. पालकसभेतली त्यांची सगळी वाक्यं एकेक करून आठवायला लागली, आणि त्यातलं एकही या पोरीला सांगण्याजोगं नव्हतं.

"चल," ते एवढंच म्हणाले.

ग्रंथपालबाई कुलूप लावत होत्या. दोघांना पाहून त्यांनी कुलूप पुन्हा काढलं. सर काही बोलायच्या आत म्हणाल्या, "माफी सोमवारी मागा. आता वेळ नाही." आणि खालच्या कप्प्यात न बघता हात घालून त्यांनी हरवलेल्या मेंढीच्या गोष्टीचं बत्तीस पानांचं पुस्तक काढून टेबलावर टाकलं.

एक पान तिनं वाचायचं, एक सरांनी, असं ठरलं. तिनं पहिलं पान वाचलं. त्याला सात मिनिटं लागली. दर शब्दाखालून तिचं बोट सरकत होतं, अडत होतं, मागे जात होतं. सर गप्प बसले. एकदाही मध्ये बोलले नाहीत, आणि एखाद्या शिक्षकाला यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

मग सरांची पाळी आली. आता निदान इथे तरी आपण सर आहोत, या विचारानं त्यांना बरं वाटलं. घसा खाकरून, पालकसभेतल्या आवाजात, हात हलवत त्यांनी अख्खं पान एका दमात वाचून टाकलं आणि पुढचं उलटायला हात घातला. पण पान उलटेना. तिचं बोट अजून त्यावरच्या एका ओळीखाली होतं.

"सर, एक ओळ खाल्लीत."

"कुठली?"

"ही. मेंढी घरी परत का जात नाही, ते हिच्यातच लिहिलंय."

सरांनी वाकून पाहिलं. ओळ होती. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि त्या ओळीपासून, एकेक शब्द करत, पुन्हा वाचायला सुरुवात केली.