सत्त्याण्णव डिग्रीचे हिराजीकाका

हिराजीकाकांना "कसे आहात?" असं विचारलं, की ते आकडा सांगतात. "एकसष्ट" म्हणजे सगळं ठीक. "अडुसष्ट" म्हणजे दुपारचं ऊन आहे. हा आकडा त्यांच्या अंगाचा नसतो, त्यांच्या कॉम्प्युटरच्या तापमानाचा असतो. एकदा बाळकुम नाक्यावर ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर हे म्हणाले, "बहात्तर." बाई म्हणाल्या, "वा, या वयात नाडी उत्तम आहे की!" काकांनी तीही गोष्ट कॉम्प्युटरच्या खात्यात जमा केली.

मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहतो. माझं गाव हिंगोलीकडं. शाळा नववीत सुटली. समोरच्या टॉवरांचे पंप चालवतो, सत्तावीस मजल्यांना पाणी चढवतो. इथं नवा होतो तेव्हा आधीच्या घरमालकानं, बादली चुकीच्या नळाखाली लावली म्हणून, माझी वळकटी रस्त्यावर ठेवलेली. काकांनी ती उचलली, घरी आणली आणि माझ्यापुढं तांदळाची भाकर नि सुकट ठेवली. जात विचारली नाही, गाव नाही, कागद नाही. "पंपावरचा मानूस हायस ना? मंग आपलाच. ऱ्हा." तेव्हापासून या घरात मी पाण्याचा तांब्यासुद्धा दोन हातांनी उचलतो. न जाणो, काही पडलं तर?

टॉवरांचं पार्किंग आज जिथं आहे, तिथं काकांचं भाताचं शेत होतं. जमीन गेल्यावर गावातल्या बाकीच्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या. काकांनी कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले, स्वतः जोडले आणि त्यावर शेतीचा गेम खेळायला बसले. बासष्टाव्या वर्षी. "जमीन गेली, पन मी नांगर नाय ठेवला," असं म्हणतात आणि पडद्यावर ट्रॅक्टर हाणतात. पडद्यावर गहू असतो. भात का नाही, म्हणून ते गेमवाल्यांना रोज शिव्या घालतात.

हा कॉम्प्युटर त्यांनी कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलाय. मग तो तापणारच. म्हणून आत पाणी खेळवलंय. काचेच्या पेटीत छोटी टाकी, छोटा पंप, दोन नळ्या. पाणी चिपवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून जातं, गरम होतं, जाळीत येतं, पंखे त्याला गार करतात, परत जातं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हरखलोच. माझं अख्खं पंपहाऊस कुणी टेबलावर मांडून ठेवलंय असं वाटलं.

दसऱ्यानंतर आकडा बिघडला. अठ्ठ्याहत्तर. शहाऐंशी. मग सत्त्याण्णव. शंभराला मशीन आपणहून बंद पडते. डोंबिवलीहून त्यांच्या भाच्याचा, निलेशचा, फोन आला. तो कॉम्प्युटरमधला इंजिनीयर. "मामा, स्पीड नॉर्मलला आण. सिंपल."

"नाय आननार."

"अरे पण जळेल ना ते!"

"बैल लंगडला तर त्याच्या पायातला काटा बघाचा. हळू चाल, असा त्याला सांगाचा नाय."

झालं. काटा शोधायची मोहीम निघाली. काकांनी जाळीतली धूळ ब्लोअरनं उडवली, ती माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर बसली. पंखे बदलले. चिप आणि ठोकळ्याच्या मधली पेस्ट पुसून नवी लावली, टूथपेस्टपेक्षा जपून. पाण्यात हवा अडकली असेल म्हणून आम्ही दोघांनी ती पेटी उचलली आणि तान्ह्या पोराला ढेकर काढायला घेतात तशी डावीकडं, उजवीकडं कलती धरली. शेजारच्या म्हात्रेबाई खिडकीतून म्हणाल्या, "हिराजी, पाठीवर थापट, पाठीवर!"

"तुमचा फ्रीज बंद पडंल तवा येतो थापटाला," काका म्हणाले.

आकडा सत्त्याण्णव.

"आता पाणी बदलून बघ," असं निलेशनं फोनवर सांगितलं.

"पानी नाय बदलाचा."

"का?"

"नाय म्हंजे नाय. पानी माझा हाय."

एवढा अडेलपणा मला कळेना. पण मी देवाचे आभार मानले. कारण काटा कुठं आहे, ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडं दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, की माझा बाप विहिरीच्या पाण्यात हळदकुंकू सोडायचा. वाहतं पाणी आपल्याला जगवतं, त्याला दिल्याशिवाय आपण खायचं नाही. त्या दसऱ्याला काका डोंबिवलीला बहिणीकडं गेलेले, किल्ली माझ्याकडं. मी माझ्या पंपहाऊसची पूजा केली, घरी आलो, आणि काचेतलं ते गोल गोल फिरणारं पाणी दिसलं. या घरानं मला ठेवून घेतलंय, मनात म्हटलं. झाकण फिरवलं आणि चांगली मोठी चिमूट आत सोडली. माझ्या पंपातून खडा गेला तरी काही होत नाही. तांब्याच्या ठोकळ्यातल्या फटी केसाएवढ्या असतात, हे मला कोण सांगणार?

पेटी कलती धरताना माझा हात नळ्यांना लागला होता. दोन्ही सारख्याच कोमट लागायला हव्यात. एक चटका देत होती, दुसरी गार. म्हणजे पाणी मध्येच तुंबलंय. मी पंपवाला, मला त्याच क्षणी समजलं. तोंड उघडायचा धीर झाला नाही. खोलीत जाऊन वळकटीकडं बघत बसलो.

रविवारी दुपारी निलेश स्वतःच आला. मामाला न जुमानता नळी सोडवली, ठोकळा खोलला. आत पिवळा चिखल.

"हे काय आहे? मामा, ही हळद आहे! कोणी टाकली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मी."

"तू? कधी?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला तू आमच्याकडे होतास! आईच्या हातचे तीन बशा वडे खाल्लेस!"

"येऊन टाकली."

"पण कशाला?"

"माझी मशीन, माझी हळद. तुना काय त्रास? तुझ्या लॅपटॉपला मागितली काय मी?"

निलेशनं माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि चहा न घेता निघाला. जाताना मला म्हणाला, "दादा, तुम्ही तरी लक्ष ठेवा यांच्यावर."

दार लागलं. काका मोरीत बसले आणि जुन्या ब्रशनं ठोकळा घासायला लागले. मी उंबऱ्यात उभा.

"काका, हळद मी टाकली."

"मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"डोंबिवलीवरून आलो त्याच दिवशी. झाकनाला तुझी पिवली बोटां व्हती."

तीन आठवडे. ब्लोअर, पंखे, पेस्ट, ती ढेकर. "मग पाणी का नाही बदललं? सगळं केलंत, तेवढंच का नाही?"

काका घासत राहिले. फटीत ब्रश जात नव्हता, तरी.

"तुझी काकी दसऱ्याला एक वस्तू सोरत नव्हती. मिक्सर, स्कूटर, टीवीचा रिमोटपन. ती गेल्यावर दोन दसरे झाले, या घरान हळदीला कोनी हात नाय लावला. आथा कोनीतरी लावली, ती मीच मोरीत ओतून देऊ?"

मी खाली बसलो आणि त्यांच्या हातातला ब्रश घेतला. पिवळं पाणी मोरीतून गेलं. दोघंही ते जाईपर्यंत बघत होतो.

नवं पाणी भरून झालं. काकांनी झाकण घट्ट फिरवलं, ओला हात लुंगीला पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "फुडल्या दसऱ्याला काचेवर लाव, भायेरून. आनि मी घरान असताना लाव."