हेब्डन (मूळ मालकासह)

मनुष्य मर्त्य आहे. यंत्र मात्र, सुटे भाग मिळत राहिले तर, अमर आहे. थोर थोर तत्त्वज्ञांना जे उमगलं नाही ते आमच्या थॉर्नडेल जुनी मोटारसायकल मंडळाच्या सभासदांना बागेतल्या शेडमध्ये, गुडघ्यांवर बसून, जमिनीवर सांडलेले वॉशर शोधता शोधता उमगलं. (तिथून पुन्हा उठता न येणं हाही त्या साक्षात्काराचाच भाग असतो.)

यॉर्कशरच्या डोंगरात अशी मंडळं पुष्कळ असली तरी आमच्याइतकं कडक दुसरं नाही. गेल्या मोजदादीनुसार सभासद चौतीस, गाड्या एकशे एकोणीस, त्यांपैकी चालू एकवीस, आणि सभासदांचे स्वतःचे, जन्मजात गुडघे एकेचाळीस. गाडीचा एक स्क्रू जरी नंतरचा निघाला तरी ती बाद होते. हाच नियम सभासदांना लावला तर सभेची गणसंख्या भरणार नाही, म्हणून तो लावलेला नाही.

आमचा खेळ म्हणजे शर्यत नव्हे. ओढ्यातल्या गोट्यांवरून, चिखलातून, उभ्या चढावरून गाडी पायी चालणाऱ्या माणसापेक्षा हळू न्यायची आणि पाय टेकायचा नाही, एवढंच. एकदा टेकला की एक गुण, फार टेकला की तीन, थांबलात किंवा पडलात की पाच. ज्याच्या पदरी शेवटी सर्वांत कमी पडेल तो विजयी. (आमच्या खोऱ्यातल्या माणसांना हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही. पदरी कमी पडण्याची त्यांना पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे.)

गाडी १९६५ च्या आधीची असावी, निदान आधीची दिसावी, अशी अट आहे. दुसरं सोपं असल्यामुळे बहुतेक सभासद ते करतात. नवा कोरा बोल्ट मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवून त्याला वय आणायच्या कृती आमच्याकडे घरोघरी लोणच्याच्या कृतीसारख्या जपल्या जातात. मंडळाचे अध्यक्ष आणि मुख्य तपासनीस नॉर्मन पीकॉक हे निवृत्त दंतवैद्य. दाढा बघायचा तोच लांब दांड्याचा इवलासा आरसा घेऊन ते गाडीखाली शिरतात आणि जीभ चुकचुकवत बाहेर येतात. गाडीला 'आ करा' म्हणायचंच काय ते बाकी ठेवतात.

अशा या मंडळात क्लाइव्ह आल्डरसनचा मान मोठा. क्लाइव्ह नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला बापाच्या गोठ्यात, पोत्यांखाली, कोंबड्यांनी घर केलेली एक मोटारसायकल सापडली. हेब्डन, साडेतीनशे सीसी, १९५७ ची. बापाच्या नावावर पहिल्या दिवसापासून, म्हणजे एकाच मालकाची. नॉर्मनसाहेबांनी कोंबडी बाजूला करून आरसा आत घातला आणि त्यांचे डोळे पाणावले.

तो एकमेव मालक म्हणजे वॉल्टर आल्डरसन. वय अठ्ठ्याऐंशी, हयात दगडाच्या खाणीत गेलेली. बायको एडना वारल्यापासून तो क्लाइव्हकडे खालच्या खोलीत राहत होता. या हेब्डनवरून तो खाणीत जायचा, रविवारी तिच्यावरून ओढे चढायचा, आणि लग्न झाल्यावर एडनाला चर्चमधून घरी आणलं तेही हिच्याच मागच्या गादीवर बसवून. आपण इतिहास घडवतोय याची त्याला कल्पना नव्हती, त्यामुळे त्यानं गाडी वापरली. क्लाइव्हनं ती चूक सुधारायला घेतली.

जीर्णोद्धाराचं तत्त्व असं, की कारखान्याच्या कॅटलॉगात जे आहे ते ठेवायचं, नसेल ते काढायचं.

"हे काय?" क्लाइव्हनं एक दिवस मागची गादी दोन बोटांत धरून विचारलं.

"तुझ्या आईची बसायची जागा," वॉल्टर म्हणाला.

"कॅटलॉगात नाहीये, बाबा."

"तुझी आई तरी कुठं होती कॅटलॉगात? मी आणलीच की तिला."

गादी गेली. वॉल्टरनं बादलीच्या पत्र्यातून कापलेलं मडगार्ड गेलं. टाकीवर एक जुना पोचा होता, तो क्लाइव्हच्या जन्माच्या दिवशीचा. दाईला आणायला निघालेला वॉल्टर घाईघाईत दगडी कुंपणाला घासला होता. तोही आतून ठोकून सपाट करण्यात आला. क्लाइव्हच्या जन्माचा कॅटलॉगात कुठंही उल्लेख नाही.

मग रंगाचा प्रश्न आला. टाकीला सोळा हात द्यायचे आणि प्रत्येक हात कोरड्या, समान उबेत वाळवायचा असतो. शेड दमट. बैठकीत कुत्रा. घरात सबंध हिवाळा कोरडी आणि उबदार राहील अशी एकच खोली होती, आणि तिच्यात वॉल्टर होता.

रविवारच्या जेवणात, मटणाचे काप वाढून झाल्यावर, क्लाइव्हनं विषय काढला. लार्च लॉज नावाचा वृद्धाश्रम गावाबाहेरच आहे, जेवण चांगलं असतं, खिडकीतून मेंढ्या दिसतात, वगैरे.

"तात्पुरतं आहे हो, बाबा."

"काय तात्पुरतं?" वॉल्टरनं विचारलं. "रंग, की मी?"

"क्लाइव्ह, लाज वाटते का रे थोडी तरी?" क्लाइव्हची बायको ग्लेनिस म्हणाली. ही बाई तोंडाची फटकळ. मंडळाच्या बायकांमध्ये ती कधी मिसळली नाही.

"अगं, तिला ओल अजिबात चालत नाही."

"आणि यांना चालते?"

"यांना गंज नाही ना चढत!" क्लाइव्ह म्हणाला. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर होतं.

त्याच महिन्यात वॉल्टर लार्च लॉजमध्ये गेला. मुलगा म्हणून क्लाइव्ह कुठं कमी पडला नाही. तो दर रविवारी बापाला भेटायला जाई आणि टाकीचे फोटो दाखवी. इतर म्हाताऱ्यांची मुलं नातवंडांचे फोटो आणत. पण नातवंडांना हात मोजून रंग द्यायची पद्धत नसल्यामुळे त्या फोटोंत बघण्यासारखं फार नसे.

"चकाकतेय खरी," वॉल्टर एकदा म्हणाला. "एकदा बसू दे रे मला. क्रो गिलचा ओढा चढून येतो नि लगेच परत देतो."

"बाबा, तिचं वय काय आणि तुम्ही बोलता काय!"

"मी वीस वर्षांनी मोठा आहे तिच्यापेक्षा."

"तेच म्हणतोय मी."

एप्रिलमध्ये क्रो गिलला मंडळाची वार्षिक स्पर्धा झाली. हवा अगदी योग्य होती, म्हणजे आडवा पाऊस आणि मधूनच गारा. क्लाइव्हची हेब्डन अर्थातच स्पर्धेत उतरणार नव्हती (चिखल!). ती प्रदर्शनासाठी तंबूत, गालिच्यावर उभी होती, आणि तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर घोंगडी घेऊन वॉल्टरला बसवलं होतं. मूळ गाडी आणि मूळ मालक असा जोड आमच्या जिल्ह्यात प्रथमच एकत्र पाहायला मिळत होता. गाडीच्या हँडलला पाटी होती, 'कृपया हात लावू नये'. वॉल्टरच्या स्वेटरच्या बटणाला पाटी होती, 'मूळ मालक, १९५७'. लोकांनी भराभर फोटो काढले. एका गृहस्थांनी आजोबांना जरा डावीकडे सरकवायची विनंती केली, कारण त्यांची सावली इंजिनावर पडत होती. आजोबा सरकले.

दुपारी नॉर्मनसाहेबांनी आरसा घालून पाहिलं आणि मागच्या चाकाचा एक नट १९५७ चा नसून १९५९ चा असल्याचं जाहीर केलं. क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक पडला. दोघं कॅटलॉग आणायला नॉर्मनसाहेबांच्या गाडीकडे धावले आणि बाकीचे तज्ज्ञ हातातले बेकनचे पाव तसेच घेऊन त्यांच्यामागून निघाले. तंबूत मूळ गाडी आणि मूळ मालक दोघंच उरले.

हेब्डन चालू करायला क्लाइव्हला आठ-दहा लाथा आणि पुष्कळ शिव्या लागत. वॉल्टरनं घोंगडीची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि गाडी एका लाथेत चालू केली. हे सगळं मला नंतर कळलं. मी त्या वेळी क्रो गिलच्या टप्प्यावर पंच म्हणून छत्री धरून उभा होतो. खालून एक संथ, जाड आवाज वर येत गेला आणि पाठोपाठ वळणावर वॉल्टर दिसला. पायात वृद्धाश्रमातल्या सपाता, डोक्यावर टोपी, छातीवर फडफडणारी पाटी.

"येऊ का रे?" त्यानं विचारलं.

"वॉल्टर, हेल्मेट कुठंय?"

"डोकं मूळचं आहे," तो म्हणाला आणि ओढ्यात शिरला.

हेल्मेटशिवाय टप्प्यात शिरू नये असा नियम आहे. टप्प्यात शिरलेल्या स्पर्धकाशी पंचानं बोलू नये असाही नियम आहे. मी दुसरा पाळला.

क्रो गिलच्या त्या चढावर सकाळपासून एकही माणूस पाय न टेकता गेला नव्हता. वॉल्टर गाडीवर उभा राहिला आणि उभा राहता राहता त्याची पाठ सरळ झाली. ती तशी होत असेल असं मला वाटलं नव्हतं. घाई नव्हती. गाडी एकेक ठोका देत, एकेक गोटा ओलांडत वर येत होती; तो फक्त इकडं थोडा, तिकडं थोडा कलत होता, गर्दीत ओळखीच्या माणसाला वाट करून द्यावी तसा. सपाता भिजून काळ्या झाल्या होत्या, पण दोन्ही पाय जागच्या जागी होते. वरच्या खडकाच्या तोंडाशी तो पोचला तेव्हा हसत होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसानं भर स्पर्धेत इतकं उघड हसावं याची मंडळाच्या घटनेत तरतूद नाही. शेवटची खूण आणखी एक हातभर लांब होती.

तेवढ्यात खालून क्लाइव्ह धावत आला.

"बाबा! टाकी! टाकी सांभाळा!"

या खेळात नजर पुढं ठेवायची असते. आपण जिथं पाहतो तिथंच गाडी जाते. वॉल्टरनं आयुष्यात प्रथमच मुलाचं ऐकलं आणि टाकीकडं पाहिलं. गाडी उजवीकडं पडली, तो डावीकडं.

मंडळाच्या शिस्तीचं दर्शन त्या क्षणी जसं घडलं तसं क्वचितच घडत असेल. कुणी हाक मारावी लागली नाही. काठावरचे सगळे सभासद, गुडघ्यांचा विचार न करता, एकदम पाण्यात उतरले. चौघांनी हेब्डन अलगद उचलली. एकानं अंगातला कोट काढून टाकीवर पांघरला. एकजण आपल्या रुमालानं दिवा पुसत होता. क्लाइव्ह टाकीवरून हात फिरवत, "काही नाही, काही नाही, सगळं ठीक होईल," असं म्हणत होता, आणि त्याचा आवाज इतका मायेचा होता की ऐकणाऱ्याला भरून यावं.

टाकीला पोचा पडला होता. उजव्या अंगाला, बोधचिन्हाच्या खाली, कोंबडीच्या अंड्याएवढा. रंगाचे सोळाच्या सोळा हात तडकून खालचा पत्रा दिसत होता. ही जखम भरायची की ठेवायची यावर मंडळाची खास सभा बोलावण्यात आली.

"पोचा मूळ मालकानं पाडलेला आहे," नॉर्मनसाहेबांनी मुद्दा मांडला. "म्हणजे तो अस्सल ठरतो."

"कॅटलॉगात पोचा नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"मग मूळ मालक तरी कुठं आहे कॅटलॉगात?"

वाद तत्त्वाचा असल्यामुळे फार लांबला. तेरा विरुद्ध अकरा मतांनी पोचा काढायचं ठरलं. तो ब्रॅडफर्डच्या एका कारागिरानं टाकी कापून, आतून ठोकून, असा काढला की सांधा कुठं जोडला ते बोटालाही कळू नये. रंग मात्र जुळेना. १९५७ चा तो गर्द तपकिरी रंग आता कुणी बनवत नाही. क्लाइव्हनं तीन कारखान्यांशी बोलणी केली आणि शेवटी जुन्या डब्याच्या तळाशी वाळलेल्या खपलीवरून तो नव्यानं घोटवून घेतला. सोळा हात पुन्हा दिले, त्याच उबदार खोलीत. खोली आता कायमची मोकळी झाल्यामुळे घाई करावी लागली नाही. लीड्सच्या प्रदर्शनात हेब्डनला जीर्णोद्धाराचं पहिलं बक्षीस मिळालं आणि तो १९५९ चा नटही, तज्ज्ञांच्या मते, १९५७ चाच निघाला. सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं.

वॉल्टर पाण्यात पडला त्याला आता बराच मजकूर लोटला. मध्ये पोच्याची जागा आली, सभा आली, मतं मोजून झाली, रंगही जुळला, आणि हे सगळं तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. मला एकदाही अडवलं नाहीत.

त्याला ग्लेनिसनं एकटीनं ओढून काठावर घेतलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दात वाजत होते, पण नजर माझ्यावर होती.

"टेकला का रे पाय?" त्यानं विचारलं.

"नाही, वॉल्टर."

"वाटलंच मला," तो म्हणाला. पडल्याबद्दल नियमाप्रमाणे त्याच्या नावापुढं पाच गुण लागले. पुढं रुग्णालयात थंडी छातीत भरली आणि पंधरवड्याच्या आतच तो गेला. शवपेटीमागून हेब्डन चालवत न्यायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी पाऊस होता.

मंडळात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. सभासद व्हायला गाडी लागतेच असं नाही, दृष्टी लागते, आणि ती तुमच्यापाशी आहे याबद्दल माझी खात्री झाली आहे. पुढच्या रविवारी या.