सांध्यांची स्थळपाहणी

बेसा येथील आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या विश्वनाथरावांच्या नव्या बाथरूमच्या फरशीला तडा गेला, ही बाब सोसायटीने अत्यंत गांभीर्याने घेतली. तडा टाइल्सना नव्हता, दोन टाइल्समधल्या सांध्यात भरलेल्या ग्राउटला होता. पण आज सांधा, उद्या इमारत, असे अध्यक्ष देवराव म्हणाले आणि चौकशी समिती नेमली गेली. सचिव मी.

सांधे भरणाऱ्या ईश्वरदास मिस्त्रीने दोन दिवस फरशीवर कोणीही पाय ठेवू नये, असे बजावले होते. बजावताना तो फरशीच्या मधोमध उभा होता. मग विश्वनाथरावांच्या पत्नी ताराबाईंनी बाथरूमचा फोटो नातेवाइकांना पाठवला आणि त्याच संध्याकाळी सीताबर्डीहून सासरची सगळी मंडळी बाथरूम बघायला हजर झाली. आत जाऊन नळ फिरवून पाहिल्याशिवाय आपल्याकडे कौतुक पुरे होत नाही.

तडा गेल्यापासून ताराबाई बादली घेऊन चौथ्या मजल्यावर सुशीलभाऊंकडे आंघोळीला जातात. त्यांचे गुडघे दुखतात. लिफ्ट बंद आहे, तिची चौकशीही आमच्याच समितीकडे आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाखाली एक आंघोळ, एवढीच त्यांची मागणी होती. समितीला ती अगदी रास्त वाटली.

म्हणून आम्ही तातडीने स्थळपाहणी केली. अकरा सदस्य त्या बाथरूममध्ये मावणार नाहीत, असा काहींचा गैरसमज होता. कोरम भरणे आवश्यक असल्याने मावलो. चहाही तिथेच झाला. बाहेर आलो तेव्हा एका तड्याचे चार झाले होते. प्रकरण वाटले त्याहून गंभीर निघाले, म्हणून पाहणी रोज ठेवली. पुढे भार-चाचणी झाली. अंगाने भरलेल्या देवरावांनी सांध्यावर उडी मारली. कुरकुर ऐकू आली. काही सदस्यांचे लक्ष नव्हते, म्हणून देवरावांनी ती पुन्हा मारली.

निष्कर्ष एकमताने ठरला: रहिवाशांचा बेफिकीर वापर.

ताराबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. "देवरावभाऊ, मी अजून एक तांब्या नाही घेतला इथं अंगावर. तं वापर कोनं केला?"

समिती सांध्यांकडे बघू लागली. मला तर कुठे बघावे कळेना. पण देवराव अध्यक्ष उगाच नाहीत.

"तेच म्हणून राहिलो ना वहिनी. तुम्ही वापरलंच नाही, म्हणून फरशीले सवय नाही लागली."

निष्कर्ष दुरुस्त झाला: वापराचा अभाव. उपाय म्हणून सांधे पुन्हा भरावेत आणि बाथरूम आंघोळीसाठी बंद, पाहणीसाठी खुले ठेवावे, असे ठरले.

ताराबाईंनी बादली उचलली. "मेल्यावर तं इथंच घालाल ना आंघोळ?"

देवरावांनी तो विषय पुढच्या सभेत घेण्याचे मान्य केले.

आज सकाळी ईश्वरदासने सांधे पुन्हा भरले. अजून ओले आहेत. या खेपेला मी स्वतः दारात खुर्ची टाकून बसलो आहे, कोणालाही आत सोडणार नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही इथवर वाचत आलात, ते ठीक. बघायचे असेल तर इथूनच बघा.

नळामागचा कोपरा इथून दिसत नाही, हे खरे आहे.

बरं, चपला काढा. कडेकडेने जा आणि एकच पाय ठेवा. सगळे एकच ठेवतात.