सामंत सरांचं 'सध्या तरी'

गिरगावातल्या आमच्या शाळेत सामंत सर विज्ञान शिकवतात आणि मी मराठी. सरांच्या तोंडून एक वाक्य शेपटीशिवाय सुटेल तर शपथ! "सूर्यमालेत ग्रह आठ. सध्या तरी." "पोहे छान झालेत, सध्या तरी." ठाकूरद्वारच्या एका लग्नात तर हे गृहस्थ चक्क वधूपित्याला म्हणाले, "जावई चांगला मिळाला हो, सध्या तरी." त्या माणसाने पुढे केलेलं आइस्क्रीम मागे घेतलं.

मुलांनी हे न उचललं तरच नवल. सहामाहीच्या पेपरात अख्ख्या वर्गाने लिहिलं, 'वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात, सध्या तरी.' पालक तणतणत आले. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. मीही मागोमाग गेले, मजा बघायला. खोटं कशाला बोलू?

"सर, मुलांना काहीतरी पक्कं शिकवा हो!" बाई म्हणाल्या.

"बाई, आपण शाळेत होतो तेव्हा ग्रह नऊ होते. पक्के नऊ! नीट कारण दिसलं की शास्त्र आपलं म्हणणं बदलतं. त्याला लाज नाही वाटत."

"म्हणजे उद्या कुणीही काहीही म्हणेल!" एक पालक उसळले.

"म्हणू दे की. फक्त पुरावा घेऊन या म्हणावं. चहा माझ्याकडून."

बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, नोकरी टिकवायचीय ना तुम्हाला?"

"सध्या तरी."

मग वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. परळच्या हॉस्पिटलात मी सोबतीला होते. स्ट्रेचर आत नेताना वहिनींनी सरांचा हात घट्ट धरला. "अहो, मी परत येईन ना?"

मी मनात म्हटलं, देवा, या माणसाची जीभ आता तेवढी आवर रे!

"येशील," सर म्हणाले.

वहिनी वाट बघत राहिल्या. "आणि पुढचं?"

"पुढचं काही नाही. येशील."

वहिनी हसतच आत गेल्या. दार बंद झालं तसे सर मटकन बाकावर बसले. "बाई, आज मी पुराव्याशिवाय बोललो हो," मला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडले.

परवा त्यांच्या घरी गेले, तर वहिनी स्वतः चहा घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, "वा! काय म्हणतेय तब्येत?"

"ठणठणीत!" वहिनी म्हणाल्या आणि सरांकडे बघून डोळे मिचकावले. "सध्या तरी."

सरांचा हात कपावरच थांबला. "तू नको ना म्हणूस गं," ते म्हणाले.