बंडगर अण्णांचा निळा पट्टा

आमच्या सांगलीच्या कचेरीत बंडगर अण्णांना "वाजले किती?" असं कुणी विचारत नाही. नव्या माणसानं विचारलंच, तर मनगटावरचं घड्याळ नीट बघून अण्णा सांगतात, "अकरा ते सव्वाअकरा." का, तर घड्याळसुद्धा मागंपुढं असतंय!

अण्णा मूळचे जतचे. तिकडच्या विहिरींची पाणीपातळी आमच्याकडं येते आणि अण्णा कॉम्प्युटरवर तिचे आलेख काढतात. आधी रेघ, मग रेघेच्या वर-खाली फिकट निळा पट्टा. पाणी खरं तर या पट्ट्यात कुठंही असेल, असा त्याचा अर्थ. रेघेला त्यांना दोन मिनिटं लागतात आणि पट्ट्याच्या रंगाला अख्खी सकाळ. "गडद झाला तर रेघ दिसंना, फिका झाला तर साहेबाला दिसंना." साहेब वैतागायचे, "बंडगर, तो पट्टा काढा हो, वरचे लोक गोंधळतात." अण्णांचं उत्तर ठरलेलं. "साहेब, रेघ म्हंजे आपला अंदाज. पट्टा म्हंजे आपल्याला ठावं न्हाई ते. ते कसं काढू?"

पुतणीच्या लग्नपत्रिकेत या गृहस्थानं मुहूर्त छापला, '१२.३५ ते २.१०'. भटजी खवळले. "लगीन वेळंवर लागत न्हाई हे सगळ्यास्नी ठावं हाय. मी फकस्त छापलं," अण्णा म्हणाले. लग्न लागलं दोन वाजता. पुढं महिनाभर त्यांनी आमचं डोकं खाल्लं.

खरं सांगतो, हा माणूस माझ्या लय डोक्यात जायचा.

मग माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. अवघड आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी अण्णा शहाळं घेऊन दवाखान्यात आले. आईनं त्यांचा हातच धरला. "आवं साहेब, तुमी शिकलेलं. मी बरी हुईन न्हवं?"

आता हा बाबा पट्टा सांगणार! मी मागून हातवारे करायला लागलो.

"बऱ्या होणार, मावशी."

"नक्की?"

"लेखी देतो," म्हणाले आणि खरंच डायरीचं पान फाडून लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, आज पट्टा कुठं गेला?" मला वाटलं, हसतील. ते बाकड्यावर बसले.

"आमच्या हिनं बी असंच इचारलं हुतं. मी कागद बघितलं आन् म्हणलं, तीस ते साठ टक्के. खोटं न्हवतं, गड्या. ती 'बरं' म्हणाली आन् भिंतीकडं तोंड करून झोपली. पुन्यांदा तिनं मला काय बी इचारलं न्हाई."

"त्यानंतर किती दिवस होत्या?"

"एकोणीस."

अण्णांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला सरळ आकडा.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आई गेली. तिच्या उशीखाली ते पान सापडलं. 'बऱ्या होणार', खाली सही आणि तारीख.

दहाव्याला अण्णा आले. "ते पान दे. खोटं हाय ते, फाडून टाकतो."

मी दिलं नाही. "आत नेईस्तोवर आईनं ते सगळ्या नर्सना वाचायला लावलं, अण्णा. हसत गेली आत," मी सांगितलं.

अण्णा चहा निवला तरी तसेच बसून राहिले.