पाण्यापासून दहा हात

एका जंगलात, आणि नदीपलीकडच्या दुसऱ्याही जंगलात, एकदम सहकार्याची लाट आली. झालं काय, बाळांनो, दोघांनी मिळून पूल बांधायचं ठरवलं. अर्धा यांनी, अर्धा त्यांनी. करारात लिहिलं, ‘उंची पाण्यापासून दहा हात.’

सगळ्यात जास्त हरखली शलाका नावाची साळिंदरीण. तिच्या टोचूला अजून काटेच फुटले नव्हते. शेजारणीची पिल्लं बघा, कशी टोकदार. आपलंच काही चुकलं का, पोटुशी असताना मऊ मुळं जास्त खाल्ली का, असं तिला सारखं वाटायचं. काट्यांचे वैद्य अस्वलकाका पलीकडे राहायचे. तिला पोहता येत नव्हतं, आणि साळिंदरणीला पाठीवर घ्यायला कुणी धजत नव्हतं.

पूल झाला. दोन्ही तीरांवरून ढोल वाजत निघाले. मधोमध पोचले आणि थांबले. पलीकडचा अर्धा पूल चार हात वर होता.

“आम्ही उन्हाळ्यातल्या पाण्यापासून मोजलं,” अलीकडचे बगळेसाहेब म्हणाले.

“आम्ही पुराच्या,” पलीकडचे वानरसाहेब वरून म्हणाले.

“म्हणजे दोघंही बरोबर.”

“अगदी.”

दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि समिती नेमली.

“साहेब, मधे एक ओंडका टेकवला तर?” शलाकाने चाचरत विचारलं.

“कुणाच्या जंगलातला?” बगळेसाहेब म्हणाले.

“कुठलाही.”

“बाई, कुठलाही ओंडका करारात बसत नाही.”

शलाका ओशाळली. एवढ्या मोठ्यांनी विचार केलाच असेल, आपल्याला काय कळतंय.

साठ बैठका झाल्या. शेवटी अस्वलकाकाच कंटाळून वरच्या कडेशी आले आणि खाली वाकले. “दे गं पोर इकडं. काटे नाहीत तेच बरं, उचलता तरी येतंय.”

टोचू वर गेला. औषध असं लागू पडलं की आठ दिवसांत अंगभर काटे, आणि अस्वलकाकांच्या दोन्ही पंजांना पट्ट्या.

आता त्याला खाली कोण देणार?

“आई, मी इथंच राहू का? इथं रोज मध देतात,” टोचू वरून म्हणाला.

शलाकाने समितीकडे पाहिलं. बासष्टावी बैठक चालू होती. विषय, ओंडक्याची साल काढावी की ठेवावी. ती उठली, काठावरचा एक पडका ओंडका ढकलत ढकलत आणला आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, मधे टेकवला.

टोचू तुरुतुरु खाली आला. त्याच्यामागे अस्वलकाका. त्यांच्यामागे अख्खं पलीकडचं जंगल.

“बाई, परवानगी?” बगळेसाहेबांनी विचारलं.

“राहिली बाई घ्यायची,” शलाका म्हणाली. तिला चक्क मजा येत होती.

दुसऱ्याच दिवशी ओंडक्याला फीत बांधली गेली. वर पाटी, ‘दोन जंगलांचा संयुक्त उतार’. शलाकाला आमंत्रण नव्हतं; गर्दीत टोचते म्हणे. समिती मात्र दुप्पट झाली. ओंडका वर जातो की खाली येतो, हे अजून ठरायचं आहे.

तात्पर्य: ओंडका कधीही वेळेवर टाकू नये. पहिल्याच दिवशी टाकला असता तर सगळे नुसतेच नदी ओलांडून गेले असते, आणि सहकार्य करायचं राहूनच गेलं असतं.